बखरीतला गिब्सन, कागदातला गिब्सन

अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात कुपर्सटाऊन नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथे बेसबॉल या खेळाचे कीर्तिमंदिर आहे. आपल्याकडे देवळाच्या भिंतीत शिलालेख बसवितात, तसे तेथे थोर थोर खेळाडूंचे ब्राँझचे फलक बसविलेले आहेत. त्यांपैकी बेब रूथ याच्या फलकावर त्याने ७१४ होम रन केल्याचे लिहिले असून विश्वमालिकेतील पंधरा होम रन निराळे सांगितले आहेत. म्हणजे हिशेब चोख आहे, आणि घरखर्च निराळा, लग्नखर्च निराळा. त्याच मंदिरात १९७२ साली जॉश गिब्सन याचा फलक लागला. त्यावर असे आहे की, या गृहस्थाने सतरा वर्षांत लीगमधील व लीगबाहेरील सामने मिळून 'जवळजवळ आठशे' होम रन केले.

आठशे हा आकडा मोठा आहे हे खरे. पण श्रोतेहो, इतिहासाचा विद्यार्थी आठशेपाशी थांबत नाही, तो 'जवळजवळ'पाशी थांबतो. एकाच खेळात, एकाच काळात, एकाच देशात दोन माणसे खेळली. एकाचे होम रन एकेक करून मोजले गेले आणि दुसऱ्याचे अंदाजाने सांगितले गेले. हे असे का व्हावे, आणि त्या 'जवळजवळ'च्या जागी खरा आकडा ठेवता येतो की काय, एवढाच आजचा विषय आहे.

ज्यांना बेसबॉलचा परिचय नाही त्यांच्यासाठी दोन शब्द सांगून ठेवतो. फलंदाजाने टोला हाणून चेंडू कुंपणापार धाडला आणि चारही तळांना फेरी मारून तो घरच्या तळावर परतला, म्हणजे होम रन झाला. आपल्या षट्काराचा तो थोरला भाऊ समजावा. दुसरे मोजमाप म्हणजे फलंदाजीची सरासरी. हजार वेळा फलंदाजीला उभे राहून किती वेळा यशस्वी टोला बसला, याचा तो हिशेब असतो. हजारात तीनशे म्हणजे उत्तम आणि साडेतीनशेच्या वर म्हणजे विरळा. गिब्सन कॅचर होता. म्हणजे आपल्या यष्टिरक्षकासारखा फलंदाजाच्या मागे बसणारा. पण दोन-अडीच तास उकिडवे बसून अंगावर चेंडूंचा मार सोसणारा. अशा जागी खेळणाऱ्याकडून कोणी फलंदाजीची फारशी अपेक्षा ठेवीत नाही.

त्याचा जन्म २१ डिसेंबर १९११ रोजी दक्षिणेतील जॉर्जिया राज्यात ब्युएना व्हिस्टा येथे झाला. बाप पोटासाठी उत्तरेस पिट्सबर्गच्या पोलाद कारखान्यात गेला आणि मागाहून त्याने कुटुंब नेले. १९३० साली, अठराव्या वर्षी, जॉश होमस्टेड ग्रेज या संघात आला. त्याच उन्हाळ्यात त्याची तरुण पत्नी हेलन जुळ्यांना जन्म देऊन वारली. पुढे तो पिट्सबर्ग क्रॉफर्ड्समध्ये गेला आणि तेथून परत ग्रेजमध्ये आला. मधून मधून तो डोमिनिकन प्रजासत्ताक, मेक्सिको, पोर्टो रिको येथेही खेळला. २० जानेवारी १९४७ रोजी, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, तो मरण पावला. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, १५ एप्रिल रोजी, जॅकी रॉबिन्सन ब्रुकलीनच्या मैदानात उतरला आणि मेजर लीगमधील वर्णाची भिंत पडली.

ही भिंत कोणत्याही नियमपुस्तकात लिहिलेली नव्हती. १८८४ साली मोझेस फ्लीटवूड वॉकर हा कृष्णवर्णीय कॅचर टोलेडोच्या संघातून वरच्या लीगमध्ये खेळला होता. पुढे मालकांनी आपसांत ठरविले आणि साठएक वर्षे तो ठराव पाळला. लिहिलेला कायदा मोडता येतो किंवा बदलता येतो. न लिहिलेला कायदा आहे हे प्रथम सिद्धच करावे लागते, आणि तो पाळणारे तर शपथेवर सांगतात की असा कायदाच नाही! तेव्हा १९२० च्या फेब्रुवारीत रूब फॉस्टर याने कॅन्सस सिटीत मंडळी जमवून निग्रो नॅशनल लीग स्थापली. ती १९३१ नंतर मंदीच्या लाटेत बुडाली आणि १९३३ साली त्याच नावाची दुसरी उभी राहिली. गिब्सनची सारी कारकीर्द या घालमेलीत गेली.

आता त्याच्या बखरीकडे वळू. बखर हा शब्द मी मुद्दाम वापरतो. आपल्याकडे इतिहासाचार्य राजवाड्यांनी १८९८ साली मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड काढला आणि बखरकारांवर जे कोरडे ओढले, ते आपणांस ठाऊक आहेत. बखर खोटेच बोलते असे नाही. ती ऐकीव बोलते, उशिरा बोलते आणि ऐकणाऱ्याला काय आवडेल ते ओळखून बोलते. गिब्सनच्या बखरीतील एक कथा अशी आहे. पिट्सबर्ग येथे त्याने असा टोला हाणला की चेंडू खाली आलाच नाही. दुसऱ्या दिवशी संघ फिलाडेल्फियास खेळत असता आकाशातून एक चेंडू पडला, तो क्षेत्ररक्षकाने झेलला, आणि पंचाने गिब्सनला सांगितले, "तू काल पिट्सबर्गला बाद झालास!" ही कथा हसण्यासाठीच आहे आणि ती कोणी इतिहास म्हणून सांगत नाही. अडचण येते ती पुढच्या दोन कथांत.

न्यूयॉर्कचे यांकी स्टेडियम म्हणजे रूथचे घर. त्या अवाढव्य मैदानाबाहेर संपूर्णपणे चेंडू टाकणारा एकमेव माणूस गिब्सन, असे पुष्कळांनी सांगितले. कोणी हा टोला १९३० साली झाल्याचे म्हणतो, कोणी १९३४ साली. सांगणारे प्रामाणिक होते आणि काही तर त्या दिवशी मैदानातही होते. पण गिब्सनने हयातीत स्वतः त्या मैदानावरील १९३० च्या आपल्या टोल्याविषयी सांगितले ते एवढेच की, चेंडू डाव्या बाजूच्या बुलपेनमध्ये, म्हणजे राखीव गोलंदाजांच्या आवारात, जाऊन पडला. तोही प्रचंडच टोला होता. पण तो मैदानाच्या आतला होता. जो पराक्रम ज्याच्या नावावर आहे, तो स्वतःच त्याहून कमी सांगतो, तेव्हा मला वाटते आपण त्याचेच ऐकावे.

दुसरी कथा १९४२ च्या सप्टेंबरातील आहे. निग्रो लीगच्या विश्वमालिकेत कॅन्सस सिटी मॉनर्क्सविरुद्ध ग्रेज. गोलंदाज सॅचल पेज, गिब्सनचा जुना सोबती आणि जुना प्रतिस्पर्धी. बखर म्हणते की, पेजने मुद्दाम दोन फलंदाजांना फुकट तळ दिले, तिन्ही तळ भरू दिले, केवळ गिब्सनशी गाठ पडावी म्हणून. आणि मग त्याला सांगून-सवरून तीन चेंडूंत बाद केले. पेज जन्मभर ही कथा सांगे आणि फार रंगवून सांगे. संशोधकांनी त्या आठवड्याची वृत्तपत्रे काढून पाहिली. तळ भरलेले होते आणि गिब्सन बाद झाला, हे त्यांत आहे. पण तळ भरले होते ते टोल्यांनी. मुद्दाम दिलेल्या फुकट तळांचा त्यांत पत्ता नाही. म्हणजे कथेचा सांगाडा खरा आहे आणि मांस मागाहून चढले आहे. बखरीची रीत नेमकी हीच असते. त्याच मालिकेतील एक सामना ग्रेजने जिंकला होता, पण त्यांनी दुसऱ्या संघांतील खेळाडू उसने आणले म्हणून तो रद्द ठरला. आता सांगा, त्या सामन्यातील टोले धरावयाचे की सोडावयाचे? कागद सापडला तरी प्रश्न संपत नाही, हे येथे दिसेल.

मग हे कागद कोठे आहेत? मेजर लीगचे हिशेब लीगच्या कचेरीत ठेवले जात आणि रोजच्या रोज गोऱ्यांच्या दैनिकांत छापले जात. निग्रो लीगच्या सामन्यांना ही दैनिके क्वचितच जागा देत, दिली तर चार ओळी. भिस्त होती ती कृष्णवर्णीयांच्या साप्ताहिकांवर, म्हणजे पिट्सबर्ग कुरिअर, शिकागो डिफेंडर आणि बाल्टिमोरचे अ‍ॅफ्रो-अमेरिकन यांच्यावर. साप्ताहिकाला गावोगाव वार्ताहर पाठविणे परवडत नसे. सामन्याचा तक्ता संघानेच धाडावयाचा, आणि पराभूत संघाला तो धाडण्याची घाई कशाला असणार? पुष्कळदा नुसती धावसंख्या छापली जाई. कोणी किती टोले मारले, ते नाही. कधी आडनाव तेवढे येई आणि त्या आडनावाचे दोघे असत. ग्रेजचे मालक कम पोझी हे तर स्वतःच कुरिअरमध्ये सदर लिहीत. संघमालकच वार्ताहर असला म्हणजे बातमी किती तावून-सुलाखून घ्यावी लागते, हे सांगावयास नको. क्रॉफर्ड्सचे मालक गस ग्रीनली यांचा पैसा आकड्याच्या जुगारातून येई. त्या पैशातून त्यांनी १९३२ साली संघासाठी स्वतःचे मैदान बांधले, आणि ते बांधण्याची हिंमत त्या काळी फार थोड्यांत होती.

येथे मला आपल्याकडील पळवणकर बाळूंची आठवण होते. अस्पृश्यतेपायी त्यांना तंबूबाहेर वेगळ्या कपात चहा प्यावा लागला आणि हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधीच मिळाले नाही. तरीही त्यांचे बळी आपल्याला मोजता येतात. १९११ च्या इंग्लंडच्या दौऱ्यावर त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले, हे आपण निःशंकपणे सांगतो. कारण मुंबईच्या सामन्यांत ते युरोपियनांच्या समोरच खेळत होते आणि त्यांच्या बळींचा तक्ता तोच युरोपियनांच्या धावांचा तक्ता होता. एकाचा हिशेब फाडून दुसऱ्याचा ठेवता येत नव्हता. अमेरिकेने मैदानच वेगळे केले, आणि मैदानाबरोबर वहीही वेगळी झाली. अपमान दोहोंकडे होता. पण गिब्सनच्या बाबतीत त्याची नोंदही गेली.

आणि गंमत पाहा, गिब्सनचे सर्वांत नीटनेटके हिशेब त्याच्या स्वतःच्या देशात नाहीत, ते परदेशात आहेत. १९४१ साली मेक्सिकोतील वेराक्रूझ संघाकडून त्याने ९४ सामन्यांत ३३ होम रन केले. त्याच हिवाळ्यात पोर्टो रिकोत त्याची सरासरी हजारात ४८० भरली. तेथे तो इतरांसारखाच एक लीगचा खेळाडू होता, म्हणून त्याची नोंद झाली. पण हे आकडे अमेरिकेतील हिशेबात धरता येत नाहीत, कारण ते अमेरिकेतील नाहीत! जेथे तो मोजला गेला तेथले आकडे चालत नाहीत, आणि जेथले चालतात तेथे तो मोजला गेला नाही.

कागद गोळा करण्याचे काम कोणी केले, तेही सांगितले पाहिजे. १९६६ साली टेड विल्यम्स या गोऱ्या खेळाडूने कुपर्सटाऊनच्या व्यासपीठावरून, आपल्या स्वतःच्या सत्काराच्या भाषणात, पेज आणि गिब्सन यांनाही येथे जागा मिळावी असे बोलून दाखविले. त्या समारंभात ते अनपेक्षित होते. १९७० साली रॉबर्ट पीटरसन यांचा ग्रंथ आला. ते जुन्या खेळाडूंच्या घरी गेले, त्यांना बोलते केले आणि ग्रंथालयांतून वृत्तपत्रे चाळली. त्यानंतरची तीस-चाळीस वर्षे हे काम हौशी माणसांनी केले. यांपैकी पुष्कळांजवळ विद्यापीठाची खुर्ची नव्हती. त्यांच्याजवळ सुट्टीचे दिवस होते आणि मायक्रोफिल्मच्या यंत्रासमोर डोळे शिणविण्याची तयारी होती. कॅन्सस सिटीचे लॅरी लेस्टर यांचे नाव यांत अग्रभागी घ्यावे लागेल. २००० साली मेजर लीगने या संशोधनास अडीच लाख डॉलरचे साह्य दिले. पुढे २०११ साली गॅरी अ‍ॅशविल व त्यांचे सहकारी यांनी, सापडेल त्या प्रत्येक सामन्याचा तक्ता जुळवून, साऱ्यांना पाहता येईल असा संगणकीय कोश खुला केला.

कामाची तऱ्हा कशी, तर एकाच सामन्याची बातमी तीन साप्ताहिकांतून काढावयाची. एकात गिब्सनचे दोन टोले, दुसऱ्यात तीन, आणि तिसऱ्यात मैदानच वेगळे. मग संघाचा प्रवास लावून पाहावयाचा, कारण शनिवारी वॉशिंग्टनमध्ये असलेला संघ त्याच दुपारी शिकागोत कसा असेल? नंतर प्रश्न येई तो सामना लीगचा होता की गावोगावच्या हौशी संघांशी पोटासाठी खेळलेला, हा. निग्रो लीगचे संघ वर्षाला दीड-दोनशे सामने खेळत, पण त्यांपैकी लीगचे साठ-सत्तर-ऐंशीच. पगार भागविण्यासाठी बाकीचे दिवस बसमधून भटकणे चाले. 'जवळजवळ आठशे'चे कोडे येथे सुटते. त्यात गिरणीगावांतील, खेड्यांतील, जत्रेतील सारे टोले आले आहेत. रूथनेही असे पुष्कळ प्रदर्शनी सामने खेळले होते, पण त्याच्या ७१४ मध्ये ते कोणी धरले नाहीत.

लीगचेच सामने धरले तर गिब्सनच्या होम रनची संख्या दोनशेच्याही आत येते. हे ऐकून गिब्सनचे चाहते हिरमुसतात, आणि दुसरीकडे काही जणांना मनातून बरे वाटते. दोघेही घाई करतात. रूथच्या अधिकृत फलंदाजीच्या संधी आठ हजारांहून अधिक होत्या; गिब्सनच्या लीगमधील सापडलेल्या संधी अडीच हजारांच्याही आत आहेत. शिवाय वॉशिंग्टनच्या ज्या मैदानावर ग्रेज पुष्कळ सामने खेळत, तेथे गिब्सनसारख्या उजव्या हाताच्या फलंदाजासमोरची डावी भिंत चारशे फुटांपलीकडे होती. आठशे हा आकडा ७१४ शी तोलता येत नाही, तसाच हाही तोलता येत नाही. तोलावयाचे तर सरासरीच तोलावी.

ते २०२४ साली घडले. १९६९ साली बेसबॉलच्या नोंदींसाठी एक समिती बसली होती. कोणत्या लीग 'मेजर' म्हणावयाच्या, ते तिने ठरविले. तिने सहा लीग निवडल्या. निग्रो लीग त्यांत नव्हत्या. डिसेंबर २०२० मध्ये मेजर लीगने ही चूक मान्य केली आणि १९२० ते १९४८ या काळातील सात निग्रो लीगना तो दर्जा दिला. इतिहासकार जॉन थॉर्न यांच्या अध्यक्षतेखालील समितीने आकडे तपासले, आणि २०२४ च्या मे महिन्यात ते अधिकृत नोंदवहीत दाखल झाले. गिब्सनची कारकीर्दीची सरासरी हजारात ३७२ ठरली. टाय कॉबचे ३६७ हे शिखर पिढ्यान्‌पिढ्या अढळ मानले जात होते, ते खाली गेले. एका हंगामाचा उच्चांकही गिब्सनकडे आला, १९४३ सालचा, हजारात ४६६. त्यापूर्वी तो १८९४ साली ह्यू डफीने केलेल्या ४४० चा होता.

यावर आक्षेप आले आणि ते सगळेच द्वेषाचे नव्हते. हंगाम लहान, समोरचे गोलंदाज कमी-अधिक दर्जाचे, आणि कारकीर्दीच्या उच्चांकासाठी निग्रो लीगच्या खेळाडूंना ठेवलेली किमान संधींची अट इतरांहून हलकी, असे म्हटले गेले. थोड्या सामन्यांत सरासरी वर-खाली फार होते हे मलाही मान्य आहे, आणि ४६६ हा आकडा दीडशे सामन्यांत टिकला असता असे मी म्हणणार नाही. परंतु २०२० साली साथीमुळे मेजर लीगचा हंगाम अवघ्या साठ सामन्यांचा झाला आणि तो पूर्ण हंगाम म्हणूनच धरला गेला, याचाही विसर पडू नये. राहिला समोरच्या गोलंदाजांचा प्रश्न. कॉब आणि रूथ हेही अशाच लीगमध्ये खेळले की जेथे पेजसारख्या गोलंदाजांना प्रवेश नव्हता. त्यांचीही सरासरी निम्म्याच जगाविरुद्धची आहे. फक्त तसे कोणी त्यांच्या फलकावर लिहीत नाही.

मला स्वतःला या प्रकरणात बखरीचाच राग अधिक येतो, आणि त्याचे कारण सांगतो. दंतकथेने गिब्सनचे नाव जिवंत ठेवले, हे तिचे उपकार आहेत. पण ज्यांनी दार बंद ठेवले होते त्यांची तिने सोयही केली. चेंडू आकाशात हरवणाऱ्या नायकाचे कौतुक करणे सोपे असते. त्याच्याशी तुलना करावी लागत नाही, त्याच्यामुळे आपला उच्चांक मोडत नाही. तो काळ्यांचा बेब रूथ म्हणून एका बाजूस राहतो. ३७२ हा आकडा तसा बाजूस राहत नाही. तो ३६७ च्या डोक्यावर जाऊन बसतो.

त्याच्या मृत्यूचीही अशीच बखर झाली. रॉबिन्सनला घेतले आणि आपल्याला डावलले, या दुःखाने त्याचे हृदय फुटले असे सांगतात. दुःख नसेल असे कोण म्हणेल? पण १९४३ च्या आरंभीच तो बेशुद्ध होऊन इस्पितळात पडला होता. मेंदूत गाठ असल्याचे त्याच्या घरच्यांनी पुढे सांगितले. रक्तदाब होता, दारू वाढली होती, गुडघे गेले होते. रॉबिन्सनचा करार जाहीर झाला तो १९४५ च्या ऑक्टोबरात. म्हणजे आजार आधीचा आहे. आणि ज्या वर्षाच्या आरंभी त्याला इस्पितळात ठेवावे लागले, त्याच वर्षाची सरासरी ४६६ आहे. बखरकाराने हे योजून लिहिले असते तर आपण त्याला अतिशयोक्तीचा दोष दिला असता.

पिट्सबर्गच्या अ‍ॅलेगनी दफनभूमीत त्याला पुरले, आणि जवळजवळ अठ्ठावीस वर्षे त्या जागी दगडसुद्धा नव्हता. तो १९७५ साली बसला, कुपर्सटाऊनचा फलक लागल्यानंतर तीन वर्षांनी.

२०२४ च्या समितीने स्वतःच सांगून ठेवले आहे की, १९२० ते १९४८ मधील निग्रो लीगच्या नोंदींपैकी सुमारे तीन-चतुर्थांशच हाती आल्या आहेत. उरलेले तक्ते एखाद्या गावच्या ग्रंथालयातील न चाळलेल्या वृत्तपत्रांत असतील, एखाद्या खेळाडूच्या नातवाकडील ट्रंकेत असतील, किंवा कोठेच नसतील. जसजसे ते सापडतील तसतसे आकडे हलतील. ३७२ चे ३७१ होतील किंवा ३७३. आणि प्रत्येक वेळी कोणीतरी दोन साप्ताहिके शेजारी ठेवून ते पडताळून पाहील.